गुलाबी कापसातली पिशवी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मुलाला माहीत नाही, सुनेला माहीत नाही. गावाकडच्या वहिनीशी मी दर रविवारी फोनवर बोलते, तिलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढी जागा गाळून पुढे जाते. तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून तुला सांगायला जमेल असं वाटतं. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं तर — नाही, तेवढं माझ्यात नाही. मुळात मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. पाहुणे आले की मी चहा ठेवायला आत जाते आणि चहा झाल्यावरही आतच राहते.

माझी शाळा चौथीत सुटली. लिहिता येतं, वाचता येतं, मोठे शब्द येत नाहीत. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

वासापासून सुरू करू का? वास आधी आला. पण नाही — वासाच्या आधी पिशवी होती, आणि पिशवीच्या आधी एक थाप. थापेपासून सांगते.

माझ्या मुलाचं, महेशचं, लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याची, केतकी, घर पूर्ण शाकाहारी. आम्ही समुद्राकाठची माणसं, आमच्याकडे मासळीशिवाय ताट म्हणजे उपास. पहिल्या भेटीत केतकीच्या आईने सहज विचारलं, "तुमच्याकडे चालतं ना सगळं?" विचारण्यात काही खोच नव्हती. मी म्हटलं, "मी कधीच सोडलं. हे गेले तेव्हापासून." कुणी मला सोडायला सांगितलं होतं? कुणी विचारलं होतं मी काय खाते? त्याच सकाळी मी सुकटीची चटणी आणि भाकरी खाऊन निघाले होते. वास येऊ नये म्हणून तोंडात वेलची धरली होती. वेलची चघळत चघळत मी हे बोलले. आणि त्या बाई म्हणाल्या, "वा, किती सात्त्विक." तो शब्द मला आवडला. एवढा आवडला की पुढची सगळी वर्षं मी तो अंगावर शालीसारखा पांघरून फिरले.

नंतर महेशने इकडे घर घेतलं, मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरी नावाच्या गावात, आणि मला बोलावून घेतलं. केतकीबद्दल तुझ्या मनात काही येऊ देऊ नकोस. ती चांगली आहे. महेश बाहेर चिकन खातो ते तिला माहीत आहे, ती हसते आणि म्हणते, "ब्रश करून जवळ ये." मी एकदा जरी म्हटलं असतं, केतकी, मला मधूनमधून मासळी लागते गं — तर तिने मला वेगळी कढई आणून दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे बघ, मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. ती फोनवर तिच्या आईला सांगायची, "आमच्या आईंचं ना, एकदम सात्त्विक असतं," आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. माझी मान ताठ व्हायची.

आता घर सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथल्या घरांना जमिनीखाली एक मजला असतो, बेसमेंट. आमच्या बेसमेंटच्या अर्ध्या भागात एक नीट खोली आणि बाथरूम करून ती भाड्याने दिलेली. उरलेला अर्धा उघडाच. तिथे कपडे धुण्याचं मशीन, जुन्या मालकाने सोडलेली शेगडी, आणि फर्नेस, म्हणजे सगळं घर गरम करणारी भट्टी. शेगडी कामाची होती. तळणाचा वास वर कपड्यांना, पडद्यांना बसतो म्हणून पुऱ्या, भजी, फोडणीचं मोठं काम खाली करायचं, अशी इथल्या बऱ्याच आपल्या घरांत रीत आहे. फर्नेसमधून पत्र्याचे चौकोनी बोगदे निघतात आणि छताला लागून घरभर जातात. त्यांना डक्ट म्हणतात. गरम हवा त्यांतून वाहते आणि प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतून वर येते. बेसमेंटच्या गारठ्यात ती ऊब वाया जाऊ नये म्हणून डक्टभोवती गुलाबी कापूस गुंडाळलेला, वरून चंदेरी कागद. महेशने मला हौसेने सगळं दाखवलं होतं. "आई, या गुलाबीला हात लावू नको. कापूस दिसतो, पण काच असते बारीक."

मी मान हलवली.

पुढच्या खेपेला गावाहून येताना वहिनीने बोंबील आणि सुकट बांधून दिली. पिशवीत पिशवी, तिच्यात पुन्हा पिशवी, वरून माझ्या जुन्या साडीचा तुकडा. मी नको म्हटलं का? नाही म्हटलं. उलट म्हटलं, थोडे जास्त घाल. इथे आले आणि प्रश्न पडला, ठेवायचं कुठे? माझ्या कपाटात केतकी इस्त्रीचे कपडे ठेवायला येते. खाली डब्यात ठेवलं तर दमटपणाने बुरशी धरेल. आणि मग एक दिवस कपडे वाळवताना माझा हात डक्टला लागला. थंडीचे दिवस होते, कापूस असूनही तो कोमट होता.

माझ्या आईच्या घरी चुलीच्या वर टोपली टांगलेली असायची. सुकी मासळी त्या टोपलीत. खालून ऊब आणि धूर मिळायचा, वर्षभर तिला किडा लागायचा नाही. लहानपणी मी स्टुलावर चढून त्या टोपलीच्या बुडाला हात लावायची. डक्टची ऊब हाताला लागली आणि मला तीच टोपली आठवली. मला वाटलं, जागा सापडली! काय आनंद झाला होता, सांगते तुला. कात्रीने मी वरच्या बाजूचा चंदेरी कागद कापला, गुलाबी कापूस बाजूला केला, खिसा केला. जागा व्हावी म्हणून आतला पत्राही ओढला, तिथे दोन पत्र्यांचा सांधा होता, तो थोडा हलला. मी लक्ष दिलं नाही. पिशवी आत सरकवली आणि महेशच्या हत्यारांच्या पेटीतली चंदेरी चिकटपट्टी लावून टाकली. बाहेरून काही दिसत नव्हतं.

एवढं सुचलं, पण एक सुचलं नाही. चुलीला धूर होता. इथे धूर कुठे होता? नुसती ऊब.

संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. खाज अशी की रडू येईल. केतकी ऑफिसातून आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "अहो आई, किती ड्राय झालीय स्किन! इथली हिवाळ्याची हवा अशीच." तिने मला समोर बसवलं आणि तिच्या मऊ हातांनी क्रीम लावलं. एकेक बोट धरून. मी काय बोलले? "हो गं, थंडीच फार आहे."

मला इथेच थांबावंसं वाटतं. इथवर काय, एक म्हातारी चोरून मासळी खाते — हसण्यावारी जाईल अशी गोष्ट. पण मी हे हसण्यासाठी लिहायला बसलेली नाही.

खालच्या खोलीत संघमित्रा राहायची. नागपूरची, इथे शिकायला आली होती. सगळे तिला मित्रा म्हणायचे. तिच्या टेबलावर बुद्धाची पांढरी मूर्ती आणि शेजारी एक फोटो, निळा कोट, चष्मा. आपल्याकडे तो फोटो पाहिला की आडनाव विचारावं लागत नाही. मीही विचारलं नाही. मला कळलं होतं, एवढंच. कळलं म्हणजे काय, तू ओळखशील. कपडे धुवायला खाली गेले की मी तिच्याकडच्या खुर्चीवर बसायची, पण तिच्या हातचं पाणी घ्यायला पहिल्यांदा — आत काहीतरी क्षणभर अडखळलं होतं. हेही लिहून टाकते. हेही कुणाला सांगितलेलं नाही.

घरातले कामाला गेले की मी खाली उतरायची, पट्टी सोडून दोन बोंबील काढायची आणि शेगडीवर भाजायची. एकदा बर्फ फार पडला, मित्राचं कॉलेज बंद. मला ठाऊकच नाही! मी बोंबील जाळावर धरलेला, आणि मागून आवाज, "काय करून राहिल्या मावशी?"

माझ्या हातून बोंबील शेगडीत पडला.

ती जवळ आली, वास घेतला आणि असं हसली, अशी हसली! "अरे बाप्पा! तुम्ही तर छुप्या रुस्तम निघाल्या! आणि वरती सात्त्विक?"

"हळू बोल गं," मी म्हटलं. घरात आम्ही दोघीच होतो.

"माझी आजी वांग्यात सुकट टाकायची. किती वर्षं झाली नाकात हा वास नाही गेला. एकट्याच खाणार का आता?"

मग आम्ही दोघी खाली जमिनीवर बसून जेवलो. माझी भाकरी, भाजलेले बोंबील, तिने फोडलेला कांदा. तिने डोळे मिटून खाल्लं. मी आयुष्यात जेवढी कुणाशी बोलले नसेन तेवढी त्या दुपारी बोलले. निघताना मी तिचा हात धरला — हो, धरला — आणि म्हटलं, "कुणाला सांगू नकोस बाई. महेशला नको, केतकीला तर मुळीच नको." ती म्हणाली, "मावशी, माझ्या तोंडून नाही निघणार. प्रॉमिस." आणि पुढे म्हणाली, "पण पुढच्या वेळी वांगं मी आणते."

आणलंही तिने. कितीदा तरी जेवलो आम्ही तशा. मी लपवते कुठे हे तिने पाहिलं होतं. माझे हात लाल झालेले पाहून ती ओरडायचीही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी जाऊन आले आणि नवी पिशवी आणली. जुनीपेक्षा मोठी. पुढची थंडी लागली, बाहेरचे उंदीर ऊब शोधत घरात शिरले, फर्नेस सुरू झाली. आणि वास आला.

कसा सांगू? सुक्या मासळीचा वास मला कधी घाण वाटला नाही. हा तो नव्हताच. गोडसर, जड, कुजका, घशात चिकटून बसणारा. फर्नेस थांबली की कमी व्हायचा. ती घुर्र करून सुरू झाली की जाळीजाळीतून वर यायचा, बैठकीत, बेडरूममध्ये, देवघराच्या कोनाड्यासमोर. केतकी उदबत्त्या लावायची, तर उदबत्ती आणि तो वास मिळून तिसरंच काहीतरी व्हायचं. गाद्यांना लागला. माझ्या केसांना लागला. पोळी तोंडात घातली की पोळीला लागायचा.

मला पहिल्या दिवशीच कळलं. मी खाली गेले. पट्टी सुटली होती, चंदेरी कागद कुरतडलेला, फटीतून एक शेपटी लोंबत होती. हलत नव्हती. मी काय केलं असेल? आत हात घालून सगळं बाहेर काढलं असतं, कचऱ्यात टाकलं असतं, तर तिथेच मिटलं असतं. मला किळस आली. माझ्याच मासळीची, माझ्याच पिशवीची. मी ती शेपटी काठीने आत ढकलली आणि वरून आणखी पट्टी चिकटवली.

वास वाढत गेला. मित्राने जिन्यात मला गाठलं, हळूच विचारलं, "मावशी, तुमचा माल तर नाही ना सडला?"

"छे! तो केव्हाच संपला," मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आम्ही एका ताटात जेवत होतो.

मग एका सकाळी केतकी ओट्याशी उभी होती, ओढणी नाकाला लावून. म्हणाली, "आई, हे खालूनच येतंय. मित्रा काही बनवते का तसलं? पण ती तर म्हणते अंड्याशिवाय काही करत नाही." ती नुसतं बोलत होती. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं.

मी पोळी लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "आपण कसं बोलायचं? त्यांच्यात वाळवून ठेवतात ना. सवय असते."

"त्यांच्यात म्हणजे?"

मी लाटणं ठेवलं. पोळी उलटली. केतकी थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू येताना मी पाहिलं — ती मूर्ती, तो फोटो, ते आडनाव. तोवर तिने ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. ते मी जोडून दिलं. वाळवून कोण ठेवतं? माझी आई ठेवायची, माझी आजी ठेवायची, आमचं सगळं गाव ठेवायचं. मी स्वतःचं घर उचललं आणि त्या पोरीच्या दारात नेऊन ओतलं.

महेशने डक्टवाल्या माणसाला बोलावलं. सुट्टीचा दिवस, सगळे घरात. तो गोरा, जाडा, शांत माणूस फर्नेसपासून सुरुवात करून डक्टवर टकटक करत गेला आणि बरोबर तिथे थांबला. नाकाला मास्क लावला. चाकूने चंदेरी कागद चिरला आणि गुलाबी कापूस हाताने ओढला.

तो सगळा एकदम खाली आला. लगदा म्हणू का त्याला? कुरतडलेल्या पिशव्या, बोंबलांची डोकी, सुकटीचा काळा भुगा, साडीच्या तुकड्याचं घरटं, त्यात मेलेले उंदीर, केस चिकटलेले, कापूस ओला आणि पिवळा. त्याने बॅटरीने सांध्यातली फट दाखवली आणि महेशला सांगितलं की उंदीर तिथून डक्टच्या आत गेलेत, आतही मेलेत, म्हणून घरभर वास. केतकी कपडे धुण्याच्या सिंककडे धावली आणि तिला उलटी झाली. मीही पदर नाकाला लावला. बघ ना, मीसुद्धा! सगळ्यांसारखी.

साडीचा तो तुकडा कुणाला ओळखू आला नाही. काही उरलंच नव्हतं त्यात ओळखण्यासारखं.

आवाजाने मित्रा खोलीतून बाहेर आली. केस ओले, हातात टॉवेल. तिने खाली पडलेलं पाहिलं.

महेश म्हणाला, "मित्रा, हे काय आहे? तुला आधी विचारलं होतं ना?"

"महेशदादा, हे माझं नाहीये."

"मग कुणाचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं, आता मावशी बोलतील, असं. तिची नजर माझ्या हातांवर आली. मी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत खाली ओढल्या.

"सांग ना, कुणाचं?" केतकी सिंकपाशी तोंड पुसत म्हणाली. "उंदरांनी आणलं का इंडियन स्टोअरमधून?"

"ते मी नाही सांगू शकत," मित्रा म्हणाली.

एवढंच. ती सांगू शकली असती. एक बोट माझ्याकडे केलं असतं तर पुरलं असतं, माझ्या बाह्या वर केल्या असत्या तरी पुरलं असतं. का नाही केलं? मला दिलेला शब्द होता म्हणून? की सांगून कुणी खरं मानणार नाही हे तिला आधीच माहीत होतं? मला कळत नाही. कळून घ्यायचा हक्कही मी ठेवलेला नाही.

आणि मी गप्प राहिले असते तरी एक वेळ — भित्री म्हणून सोडून देता आलं असतं. मी गप्प राहिले नाही. जन्मभर चारचौघांत तोंड न उघडणारी मी, त्या दिवशी उघडलं. अगदी मायेच्या आवाजात म्हटलं, "जाऊ दे रे महेश. ओरडू नको तिच्यावर. त्यांच्यात चालतं हे, पोरीला काय कळतंय."

आजही तो आवाज माझ्या कानात आहे. मऊ, तुपासारखा. मला उंदरांची किळस आली होती तेवढी कमी पडेल, एवढी मला त्या आवाजाची येते. माझ्याच तोंडातून आलेला तो आवाज.

मित्राचा चेहरा — नाही, तो मी लिहिणार नाही. ती खोलीत गेली आणि दार लावलं. दार आपटलंसुद्धा नाही.

महेश मला म्हणाला, "आई, तू फार साधी आहेस."

केतकीने तिला खोली सोडायला सांगितली. भर थंडीत, परीक्षा तोंडावर. मी खिडकीतून बघत होते. तिची एक मैत्रीण गाडी घेऊन आली. बर्फातून तिने बॅगा ओढल्या, मूर्ती मात्र शालीत गुंडाळून छातीशी धरली होती. किल्ली द्यायला ती वर आली. केतकी लांबूनच म्हणाली, "लीव्ह इट ऑन द काउंटर." मी ओट्याशी भांडी विसळत होते, पाठ करून. ती माझ्या शेजारी आली, किल्ली ठेवली आणि माझ्यापुरतं म्हणाली, "मावशी, हात गरम पाण्याने नका धुऊ. थंड पाण्याने धुवा, चोळू नका. काच असते ती."

मी नळ मोठा केला. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

ती गेल्यावर केतकीने आणि मी तिची खोली धुतली. केतकी एकदा पुसून थांबली. मी थांबले नाही. मूर्ती आणि फोटो होता ते टेबल मी ब्लीचने तीनतीनदा पुसलं, कुणीच सांगितलं नव्हतं. काय पुसत होते? तिथे धूळ नव्हती. मला वाटतं, मी जेवढं घासेन तेवढं ते तिचं ठरेल, असं काहीतरी होतं ते.

खोली नंतर पुन्हा भाड्याने द्यायची म्हणून केतकीने इथल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. फोन येतात तेव्हा ती आता गोड आवाजात विचारते, "पूर्ण नाव काय तुमचं?" आधी विचारायची नाही. नाव सांगून झालं की मग खोली आहे की गेली ते ठरतं. तो प्रश्न या घरात मी आणला. हे सगळं झाल्यावर जन्मलेली माझी नात आता मोठी होतेय. ओट्याशी बसून होमवर्क करते आणि ऐकते.

पाहुणे आले की वासाची गोष्ट निघते. केतकी रंगवून सांगते, लोक नाकं मुरडतात, "ई, शी!" म्हणतात, कुणी हसतं. "आणि आमच्या आई बघा, तिला रागावू नका म्हणत होत्या!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहाचा ट्रे ठेवते. आत जाते.

डक्टला नवा कापूस लावलाय, पांढरा. फर्नेस सुरू झाली की जाळीतून स्वच्छ, गरम हवा येते. कुणालाच काही वास येत नाही. मला येतो. आणि अजून एक सांगायचं राहिलं, तेही सांगते. तो कुजका वास आठवला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो, शेगडीवर भाजणाऱ्या बोंबलाचा. एवढं सगळं होऊन माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हे लिहिताना सुटलं.

माझ्या हातांना आता काही होत नाही, कातडी चांगली आहे. पण केतकीला सवय लागलीय. थंडी पडली की ती क्रीमची डबी घेऊन येते, समोर बसते आणि म्हणते, "द्या आई, तुमची स्किन फार ड्राय होते ना."

मी हात पुढे करते.